खुबा दुखतो, आणि माणूस दारू सोडलेला आहे

हे लिहायला आमच्या ह्यांची परवानगी आहे. "नाव तेवढं घालू नको, बाकी काय लिहायचं ते लिही," म्हणाले. हे यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे. इचलकरंजीत तसे इतके आहेत की एवढ्यावरून कुणी ओळखेल असं वाटत नाही.

मी फार्मासिस्ट आहे. डी.फार्म. झाल्यापासून मेडिकलच्या काउंटरमागेच आहे. त्यामुळे दुखण्याच्या गोळ्या विकणारी मीच आणि दारू सोडलेल्या, सतत दुखणं असलेल्या माणसाची बायकोही मीच. या विषयावर लोक काय वाट्टेल ते बोलतात. दारू सुटलेला माणूस "दुखतंय" म्हणाला की घरातले दोन पक्ष करतात. एक म्हणतो, "नाटक आहे, गोळी पाहिजे असेल." दुसरा म्हणतो, "मग तेव्हा ढोसताना नाही कळलं? आता सोसा." आमच्याकडे सासूबाई दुसऱ्या पक्षात होत्या. त्यांच्या मते हे केलेलं फेडणं चाललं होतं.

आता वैद्यकशास्त्राच्या हिशेबाने सासूबाई निम्म्या बरोबर होत्या, हीच पंचाईत. ह्यांना झालंय ते एव्हीएन. अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा खुब्याच्या वाटीत बसलेला असतो, त्याचा रक्तपुरवठा कमी होतो आणि हाड आतून मरत जातं. मग एक दिवस ते वजनाखाली खचतं. अपघात सोडला तर याची दोन मोठी कारणं, वर्षानुवर्षांची भरपूर दारू आणि स्टेरॉइड. बऱ्याच जणांचे दोन्ही खुबे जातात, एक आधी, एक नंतर. पिणं थांबून बरीच वर्षं झाली तरी हाडाला ते माहीत नसतं.

सुरुवातीला तर कुणालाच कळलं नाही. दुखायचं जांघेत आणि कळ उतरायची गुडघ्यापर्यंत, म्हणून सगळे गुडघाच बघत बसले. एक्स-रे स्वच्छ आला. एव्हीएनचा सुरुवातीचा एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो, एमआरआयमध्येच दिसतं. पण स्वच्छ एक्स-रे हातात आल्यावर पहिल्या पक्षाला पुरावाच मिळाला. गल्लीतल्या एका दवाखान्यात तर ह्यांच्या तोंडावर ऐकवलं गेलं की पूर्वी पिणाऱ्यांना असं काहीतरी लागतंच. ते घरी आले, जेवले नाहीत आणि म्हणाले, "आता मला दुखतंय म्हणायचीच चोरी झाली." मागावर जॉबरचं काम म्हणजे बारा तासांची पाळी, वाकणं, मागाखाली शिरणं, उकिडवं बसून नट आवळणं. ते सगळं चाललंच होतं.

दुखणं दाबून ठेवल्याने व्यसन दूर राहतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी असा एक महिना कुणाबरोबर काढून बघावा. झोप गेली. झोप गेल्यावर चिडचिड. फेलोशिपच्या, म्हणजे दारू सोडलेल्यांच्या गटाच्या, मीटिंगला जाणं कमी झालं, कारण खुर्चीत तासभर बसवेना. आणि मग एका रात्री ते मला अगदी शांतपणे म्हणाले, "एक क्वार्टर घेतली तर झोप लागेल, एवढं मला माहीत आहे." हे खरंही आहे. दारूने दुखणं तात्पुरतं कमी होतं. उतरल्यावर ते वाढून परत येतं, हा भाग शरीराच्या आठवणीत राहत नाही. मी त्या रात्री घाबरले, रडले नाही. सकाळी मिरजेच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली.

मधल्या काळात माझ्या काउंटरवर काय चाललेलं असतं ते सांगते. मागावरची पोरं येतात, बरीचशी परप्रांतातली, एकटी राहणारी. "दीदी, पाँव का गोली दो, वो वाला." "वो वाला" म्हणजे ट्रामाडॉल आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी. पूर्वी ही गोळी कुठेही, कुणालाही, चिठ्ठीशिवाय मिळायची. कायद्याने तेव्हाही मिळायला नको होती, पण मिळायची. शेड्यूल एच-वन, म्हणजे जास्त कडक नोंद ठेवायच्या औषधांची यादी, २०१४ मध्ये लागू झाली, ट्रामाडॉल तीत आहे. तीतली औषधं विकली की वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरांचं नाव, पेशंटचं नाव-पत्ता, किती दिलं ते लिहायचं आणि रजिस्टर तीन वर्षं जपायचं. पुढे एप्रिल २०१८ मध्ये ट्रामाडॉल एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्याखाली आणलं. तेव्हा स्ट्रिपवर नुसत्या आरएक्सच्या (चिठ्ठीच्या औषधाची खूण) जागी एनआरएक्स (अमली वर्गातल्या औषधाची खूण) आलं आणि बरीच दुकानं ती ठेवेनाशीच झाली.

गोळीतला हिशेब मात्र गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही. एका गोळीत ट्रामाडॉल ३७.५ मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ३२५. सवय लागलेला माणूस दिवसाला दहा घेतो तेव्हा त्याच्या डोक्यात ट्रामाडॉल असतं, पण लिव्हरमध्ये ३,२५० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल जातं. रोज पिणाऱ्याला किंवा लिव्हर खराब असलेल्याला डॉक्टर साधारण दोन ग्रॅमच्या वर जाऊ देत नाहीत. शिवाय ट्रामाडॉलने फिट येऊ शकते, विशेषतः डोस जास्त झाला तर, आणि दारू नुकती तुटलेली असेल तर आणखीच. दारूबरोबर किंवा झोपेच्या गोळ्यांबरोबर घेतलं तर श्वास मंदावतो. आणि यातलं काहीच झालं नाही तरी ट्रामाडॉल हे अफूच्या वर्गातलं औषध आहे, सवय लावतं.

चिठ्ठी नाही म्हणून मी त्या पोराला परत पाठवते. कायद्याने माझं काम तिथं संपतं. त्याचे पाय दुखायचे थांबत नाहीत. तो दुसरीकडे जातो, तिथंही नाही मिळालं तर देशीच्या दुकानात, जिथं कुणी चिठ्ठी मागत नाही. आपल्या देशात ही गंमतच आहे. त्याच एनडीपीएसच्या, १९८५ च्या कायद्याच्या धाकाने कॅन्सरच्या पेशंटला मॉर्फिन मिळणं इतकं अवघड झालं की २०१४ मध्ये कायदा बदलून मॉर्फिनसारख्या सहा औषधांची वाट मोकळी करावी लागली. आणि त्याच देशात ट्रामाडॉल शेंगदाण्यासारखं विकलं जात होतं.

असो. मिरजेचे डॉक्टर.

हाडांच्या डॉक्टरांनी एमआरआय बघितला, दोन्ही खुब्यांत एव्हीएन, डावा जास्त. त्यांनी विचारलं, "व्यसन?" मी उत्तर द्यायच्या आत हे म्हणाले, "होतं. दारू. आता नाही. मानसोपचारतज्ज्ञांची गोळी चालू आहे, नाल्ट्रेक्सोन." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "बरं झालं सांगितलंत." हे वाक्य मी तिथं पहिल्यांदा ऐकलं. तोवर हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा तरी बदलायचा, नाहीतर आवाज.

नाल्ट्रेक्सोन का महत्त्वाचं ते सांगते, कारण हे माहीत नसेल तर माणूस ऑपरेशन टेबलवर अडकतो. ही गोळी मेंदूतल्या अफूच्या रिसेप्टरांवर, म्हणजे अफू जिथं चिकटून काम करते त्या जागांवर, ठाण मांडून बसते. त्यामुळे दारूची ओढ कमी होते. पण त्याच कारणाने मॉर्फिन, ट्रामाडॉल वगैरे नीट लागूच पडत नाही. वेदना तशीच राहते आणि डॉक्टरांना वाटतं डोस कमी पडतोय. म्हणून ठरलेल्या ऑपरेशनच्या आधी ती साधारण तीन दिवस बंद करतात, महिन्याचं इंजेक्शन असेल तर कितीतरी आधी विचार करावा लागतो. नंतर पुन्हा सुरू करायची तर शरीरात अफूच्या वर्गातलं काही नको, सात ते दहा दिवस मध्ये जाऊ द्यावे लागतात, नाहीतर एकदम विथड्रॉवल, म्हणजे औषध तुटल्याचा त्रास, सुरू होतो. हे सगळं मानसोपचारतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ एकमेकांशी बोलले तरच जमतं. आमच्याकडे ते बोलावेत म्हणून मला दोघांच्या फोनच्या मध्ये बसावं लागलं, हेही सांगून टाकते.

ऑपरेशन लगेच झालं नाही. हे चाळिशीच्या आतले होते, सांधा बदलला तर तो जन्मभर पुरेल याची खात्री नाही, म्हणून जेवढं ढकलता येईल तेवढं ढकलायचं ठरलं. म्हणजे दुखण्याबरोबर राहायची व्यवस्था लावायची. ही व्यवस्था म्हणजे खरं तर माझ्या या लेखाचं कारण.

पहिली गोष्ट, डॉक्टरांनी "दहापैकी किती दुखतं?" विचारणं बंद केलं. हे दरवेळी "सात" म्हणायचे. सहा म्हटलं तर लक्ष देणार नाहीत आणि आठ म्हटलं तर गोळीसाठी आलाय म्हणतील, असा त्यामागचा विचार होता. त्याऐवजी प्रश्न आले. सलग किती वेळ उभं राहता? रात्री किती वेळा जाग येते? जिना कसा चढता? संडास कुठला, खाली बसायचा की कमोड? कमोड नव्हता. आधी तो बसवला. औषधाच्या आधी कमोड! आणि काठी. काठी दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात धरायची असते. बहुतेक लोक दुखऱ्या बाजूलाच धरतात, सिनेमातसुद्धा. उलट्या हातात धरली की खुब्यावरचा भार खरोखर कमी होतो. मागांच्या खात्यात काठी घेऊन फिरायची ह्यांना लाज वाटायची, पण मालकाने बसून करायचं सायझिंगच्या (सुताला खळ लावण्याच्या) हिशेबाचं काम दिलं आणि लाज आपोआप मिटली. पगार थोडा कमी झाला.

गोळ्या कमी नव्हत्या, पण वेगळ्या होत्या. पॅरासिटामॉल ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मापात, लिव्हरची तपासणी बघून. सूज उतरवणारी गोळी फक्त दुखणं भडकलं तर, तीही मोजके दिवस, पोटाची गोळी बरोबर. पूर्वी भरपूर प्यायलेल्या माणसाच्या जठराला या गोळ्या सहज जखम करतात आणि किडनीचंही बघावं लागतं. रात्री ॲमिट्रिप्टिलिन अगदी लहान डोसमध्ये. ती उदासीची जुनी गोळी आहे, कमी डोसमध्ये दुखण्याला आणि झोपेला चालते. ड्युलोक्सेटिन या तशाच दुसऱ्या गोळीचा विचार झाला, पण लिव्हरचे आकडे अजून पूर्ण खाली आले नव्हते म्हणून टाळलं. प्रिगाबालिन या नसांच्या दुखण्यावरच्या गोळीबद्दल मीच विचारलं. एव्हीएनमध्ये तिचा खास उपयोग नाही आणि व्यसनाचा इतिहास असलेल्यांना तिचीही चटक लागू शकते, म्हणून नको, असं उत्तर आलं. फिजिओथेरपीचे व्यायाम घरी, चटईवर. पाण्यातला व्यायाम सांगितला होता, तो नगरपालिकेच्या तलावावर दोन-चारदाच झाला. सगळंच होत नाही.

दुसरी गोष्ट लेखी होती. एकच डॉक्टर लिहिणार, एकच दुकान देणार, एका वेळी सात दिवसांचंच. आणि ते दुकान माझं नको. डॉक्टरांनी हे हसत हसत सांगितलं पण ठामपणे. मला आधी राग आला. एवढी वर्षं काउंटरवर काढली आणि माझ्यावर भरवसा नाही? नंतर पटलं. रात्री अकराला कळवळणारा नवरा आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे, ही परिस्थिती कुणाच्याही बायकोवर येऊ नये.

मग स्ट्रिपा ठेवायच्या कुणी? ह्यांच्याकडे ठेवल्या तर मी रोज कचऱ्याचा डबा तपासणार. माझ्याकडे ठेवल्या तर मी पोलीस. शेवटी माझे थोरले दीर, वरच्या मजल्यावर राहतात, त्यांच्याकडे दिल्या. मी त्यांना स्ट्रिप कापायला शिकवली. ज्या टोकाला एक्सपायरी छापलेली असते ते टोक शेवटपर्यंत ठेवायचं, उलट बाजूने कापत यायचं, नाहीतर उरलेल्या दोन गोळ्या कधीच्या ते कळत नाही. दीर सायझिंगमधले, हाताला जाड, कात्रीने निम्मी गोळी कापली जायची. पण रोज सकाळी चहाबरोबर दिवसाच्या गोळ्या खाली यायच्या, त्याबरोबर पेपरही यायचा आणि दोघा भावांचं बोलणं व्हायचं. दारूच्या दिवसांत ते बंदच पडलेलं होतं.

फेलोशिपबद्दल एक सांगायला हवं. ह्यांनी पुण्याला मुक्तांगणमध्ये राहून दारू सोडली. डॉ. अनिता अवचटांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं ते केंद्र, बहुतेकांना माहीत असेल. नंतर इकडे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या (एए) मीटिंगा, तीच ही फेलोशिप. त्या माणसांचे आमच्यावर उपकार आहेत. पण तिथल्याच एका जुन्या मेंबरांनी ह्यांना ऐकवलं की कसलीही गोळी घेतली तर सोबर राहिलात असं म्हणता येणार नाही. ह्यांनी ते मनाला लावून घेतलं आणि ॲमिट्रिप्टिलिन बंद केली. पुन्हा झोप गेली. यावर एएचीच स्वतःची पुस्तिका आहे आणि त्यात स्पष्ट म्हटलंय की मेंबरांनी डॉक्टरकी करू नये. ह्यांच्या स्पॉन्सरनी, म्हणजे तिथं ह्यांना सांभाळून घेणाऱ्या जुन्या मेंबरांनी, ती त्या गोळीविरोधी काकांना नेऊन वाचायला दिली. काका तरी काही फार बदलले नाहीत, पण ह्यांची गोळी सुरू झाली.

आणि नातेवाईक! प्रत्येकाकडे एक काढा. माझी नणंद गडहिंग्लजहून दशमूलारिष्टाची बाटली घेऊन आली, सांधेदुखीला उत्तम म्हणून. मायेनेच आणली होती. मी लेबल फिरवून दाखवलं. आसवं आणि अरिष्टं आंबवून केलेली असतात, त्यांत आपोआप तयार झालेलं अल्कोहोल असतं, साधारण पाच ते दहा टक्के, आणि तसं लेबलवर छापलेलंही असतं. म्हणजे बिअरइतकं किंवा त्याहून जास्त. घोटभर औषधाने कुणी झिंगत नाही, पण जिभेला ती चव ओळखीची असते. आणि माणूस डायसल्फिरामवर असेल, जी गोळी चालू असताना दारू प्यायली तर धडधड, उलट्या, चेहरा लाल होतो, तर हे अरिष्टसुद्धा त्याला दवाखान्यात नेऊ शकतं. होमिओपॅथीचे मदर टिंक्चर आणि काही खोकल्याची औषधं याच यादीत. नणंदेला वाईट वाटलं. बाटली सासूबाईंनी स्वतःकरता ठेवून घेतली.

शेवटी डावा सांधा बदलावा लागला. हाड खचलं होतं, पाय आखूड झाला होता. इथं मला सगळ्यात जास्त भीती होती, कारण आता अफूच्या वर्गातलं औषध टळणार नव्हतं. मी भूलतज्ज्ञांना म्हटलं, "नाही दिलं तर चालेल का?" त्या म्हणाल्या, "ताई, ऑपरेशननंतर दुखू दिलं तर ते उठणार नाहीत, चालणार नाहीत आणि मग दुखणं मुक्कामाला येईल. देऊया, पण ठरवून देऊया." कमरेत भूल, पायाला नर्व्ह ब्लॉक (नस बधिर करणारं इंजेक्शन), पॅरासिटामॉल घड्याळ लावून, बर्फ. ट्रामाडॉल फक्त सुरुवातीचे मोजके दिवस, बंद करायची तारीख आधीच फाइलवर लिहिलेली. डिस्चार्जच्या कागदावर एकही ट्रामाडॉल नाही. "लागलं तर घ्या" असं काहीही नाही. माझ्या मते कागदावरचं सगळ्यात धोकादायक वाक्य तेच असतं. लागलं म्हणजे किती, हे ठरवायचं काम ज्याला ते सगळ्यात अवघड आहे त्याच्यावरच टाकलं जातं.

ज्यांना अफूच्या वर्गातल्या औषधांचंच व्यसन होतं आणि जे सरकारी केंद्रातून ब्युप्रेनॉर्फिन, म्हणजे त्याच वर्गातली पण व्यसन आवरायला देतात ती गोळी, घेतात, त्यांचं वेगळं असतं. त्यांची ती गोळी ऑपरेशनसाठी घाईने तोडू नये, तीच दिवसातून विभागून दिली तर दुखण्यालाही काम करते. हे इथं मुद्दाम लिहितेय, कारण अशा पेशंटला "आधी ते सगळं बंद करून या" म्हणून परत पाठवलेलं मी स्वतः बघितलंय. आणि कुणी बरेच महिने ट्रामाडॉल घेत असेल तर घरच्यांनी रागाने स्ट्रिप गटारात फेकून एका दिवसात बंद करू नये. हळूहळू, डॉक्टरांच्या हिशेबाने उतरवायचं असतं. फिट येण्याची भीती तिथंही आहे.

आता उजव्या खुब्याची पाळी आलीय. तारीख अजून ठरायची आहे, भूलतज्ज्ञ त्याच हव्यात म्हणून थांबलोय. आमच्या घरात वाद वेगळाच चाललाय. हे म्हणतात, या वेळी गोळ्या माझ्या मी ठेवणार, इतक्या वर्षांनी दादाकडून खाऊसारख्या गोळ्या घ्यायच्या का? मी म्हणते, पहिले पंधरा दिवस दादांकडेच. दीर म्हणतात, मला बघा विचारत नाही कुणी, मला दिसत नाही आता ती बारीक एक्सपायरी. मानसोपचारतज्ज्ञांकडे पुढच्या आठवड्यात जायचंय, हा वाद तिथं घेऊन जाणार आहोत. नाल्ट्रेक्सोन कधी थांबवायची तेही त्याच वेळी विचारायचंय.